सहा शब्दांचं गाणं आणि त्यानंतरची पुस्तकं

चि. सईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जुन्या बाजारात तुला पेनी मॅक्लीनच्या 'लेडी बम्प' या डिस्को गाण्याची तबकडी मिळाली, शेजारच्याच खोक्यात त्याच बाईचं रक्षक आत्म्यांवरचं पुस्तक सापडलं, आणि सोबतची मंडळी पोट धरून हसली, असं तू कळवलंस. त्याच मेसेजच्या शेवटी स्टुडिओतली नोकरी सोडून लिहायला बसावं असं मनात घोळतंय, हेही जाता जाता सांगून टाकलंस. तुझ्या मनात या दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्यात हे मला कळलं. म्हणून फोनवर न बोलता सविस्तर लिहितो आहे.

पेनी मॅक्लीन हे तिनं घेतलेलं नाव. ती मूळची ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्टची गेरट्रूड विर्शिंगर. नाव झालं ते तुझ्या म्युनिकमध्ये. तिथं सिल्वेस्टर लेवाय आणि मिखाएल कुन्त्से या जोडीनं 'सिल्व्हर कन्व्हेन्शन' नावानं रेकॉर्ड काढायला सुरुवात केली. लेवाय संगीत करायचा, कुन्त्से शब्द लिहायचा. सुरुवातीला नाव होतं, पण गट असा नव्हताच. स्टुडिओत बोलावलेल्या गायिका गाऊन जायच्या. रेकॉर्ड चालायला लागली, लोकांना चेहरे हवेसे झाले, तेव्हा तिघी जणी उभ्या केल्या. पेनी त्यांतली एक.

'फ्लाय, रॉबिन, फ्लाय' एकदा चांगल्या हेडफोनवर ऐक. प्रत्येक मात्रेवर बास ड्रमचा ठोका, त्यावर व्हायोलिनचा ताफा छोट्या छोट्या ओळी टाकत जातो आणि मग बायका येतात. अख्ख्या गाण्यात मिळून शब्द सहा. तेच फिरून फिरून. त्या प्रत्येक फेरीत आवाज मागच्यासारखाच ठेवायचा, श्वास ऐकू येऊ द्यायचा नाही, ठेक्याच्या केसभरही पुढे जायचं नाही. ज्यानं हे काम केलंय त्यालाच त्यातली मेहनत कळते. १९७५च्या नोव्हेंबरमध्ये हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि तीन आठवडे तिथंच राहिलं. पुढे त्याला ग्रॅमी मिळालं, तेही वाद्यसंगीताच्या विभागात! बायका गातायत, आणि बक्षीस वाद्यांना. मला या गोष्टीचं आजही वाईट वाटतं. पुढच्या वर्षी 'गेट अप अँड बूगी' आलं. त्यातही शब्द सहाच. ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचलं.

'लेडी बम्प' मात्र एकट्या पेनीच्या नावावर निघालं आणि जर्मनीत अव्वल ठरलं. पण गाणं रचणारी जोडी तीच. स्वतःच्या नावाच्या रेकॉर्डवरही ती दुसऱ्याचेच शब्द गात होती.

मुंबईच्या स्टुडिओंमधल्या कोरसच्या बायका मी जवळून पाहिल्यात. एका माईकभोवती अर्धगोलात उभ्या राहायच्या. जिचा आवाज मोठा ती आपण होऊन एक पाऊल मागे सरायची, म्हणजे सगळ्यांचे आवाज एकजीव व्हावेत. दुपारचा डबा मांडीवर ठेवून चाली पाठ करायच्या. रेकॉर्डच्या वेष्टनावर त्यांची नावं शोधून सापडायची नाहीत. त्यांतल्या एखादीनं उद्या उठून म्हटलं असतं, की बाई, आता मला जे वाटतं ते मी लिहिणार, तर मी तिला नमस्कारच केला असता, मग तिनं काहीही लिहिलेलं असो.

पेनीनं तेच केलं. डिस्कोची लाट ओसरली आणि ती पुस्तकांकडे वळली. माणसाच्या पाठीशी राहणाऱ्या अदृश्य सोबत्यांवर लिहिलं, अंकशास्त्रावर लिहिलं. नाव पेनी मॅक्लीनच ठेवलं. त्या नावावर पुस्तकं खपत असतील, असं म्हणणारे म्हणोत. मला त्यात धैर्य दिसतं. नाचगाण्याचं नाव पुसून, गंभीर चेहऱ्यानं नव्या दारातून येणं तिला सोपं गेलं असतं. तिनं आधीचं आयुष्य लपवलं नाही.

आणि त्या काळातल्या जर्मनीत नाच आणि अध्यात्म यांच्यात आपल्याला वाटतं तेवढं अंतर नव्हतं. १९७४नंतर कोरेगाव पार्कात, रजनीशांच्या आश्रमापायी, भगव्या कपड्यांतली जर्मन मंडळी किती दिसायची हे आपलं पुणं विसरलेलं नाही. त्यांच्यातल्याच काहींनी पुढे, १९८०च्या दशकात, जर्मन शहरांमध्ये डिस्को चालवले. दिवसा ध्यान, रात्री नाच, आणि त्यांना त्यात विसंगती वाटत नव्हती. पेनीचा त्यांच्याशी संबंध होता असं मी म्हणत नाही. ती ज्या वाचकांसाठी लिहीत होती ते कुठल्या हवेत वाढले, एवढंच सांगतोय.

तिचं म्हणणं मला पटतं का? अंकशास्त्र अजिबात पटत नाही. जन्मतारखेची बेरीज करून नावात एखादं जादा अक्षर घालायला सांगणारे आपल्याकडेही पैशाला पासरी आहेत, आणि त्यापायी लोकांनी घर मोडलेलं मी पाहिलंय. पण पाठीराखा म्हटलं की मी थबकतो. मी नाटकाच्या गाडीबरोबर दौऱ्यावर निघालो की तुझी आजी उंबऱ्यावर उभी राहून म्हणायची, "जा, रवळनाथ पाठीशी आसा." घाटात रात्री गाडी बंद पडली तेव्हा त्या वाक्यानं मला धीर दिलाय. तेव्हा त्या पुस्तकावर हसणाऱ्यांत मी बसणार नाही. तूही बसू नकोस.

आता तुझ्याबद्दल. स्टुडिओत तू दिवसभर दुसऱ्यांचे श्वास कापतेस, सूर सरळ करतेस. ते काम कमी प्रतीचं नाही, आणि ते सोडलंस तर इतकी वर्षं पाण्यात गेली असंही नाही. वाक्य कुठं थांबवायचं हे तुझा कान कागदावरही सांगेल. पण नोकरीतला कंटाळा आणि लिहिण्याची ओढ या वेगळ्या गोष्टी आहेत. तुझ्या मनात यातलं कुठलं आहे ते मला इथून दिसत नाही. म्हणून राजीनामा देण्याआधी सकाळी लवकर उठून थोडं लिहून बघ. वर्षभराचं भाडं आणि विमा बाजूला पडला की मग साहेबांशी बोल. कमी पडलं तर आम्ही आहोत, संकोच करू नकोस.

आणि लिहिलेली पहिली काही पानं मला पाठव. अर्धवट असली तरी चालतील. फक्त मराठीत लिही, म्हणजे आईलाही वाचता येतील.

तुझा,
बाबा