सोमवारपासून साडेपाचला

प्रिय आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आधी सांगून टाकते, रागवायचं ते नंतर रागवा. सोमवारपासून रोज संध्याकाळी साडेपाचला एक मुलगा तुम्हाला वाचून दाखवायला येणार आहे. पहिल्या महिन्याचे पैसे देऊन झालेत. हो, तोच, मैदानावरच्या संघाच्या शाखेत जाणारा. "आता या वयात स्वयंसेवकाच्या तोंडून ऐकायचं का?" असं तुम्ही म्हणालात, ते पोचलं माझ्यापर्यंत.

डॉक्टरांनी वाचन बंद केल्यापासून तुम्ही नुसते कपाटाकडे बघत बसता म्हणे. इथे ठाण्यात माझ्या घशाखाली घास उतरत नाही. मोबाइलवरची पुस्तकं तुम्हाला चालत नाहीत, आईचा आवाज दोन पानांत बसतो, मग वाचणार कोण? मुलाची वाणी स्वच्छ आहे. आवडतं पुस्तक विचारलं तर म्हणाला 'फकिरा'. अण्णा भाऊ लाल बावट्याचे, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. "असू दे की ताई, दुष्काळात धान्य लुटून वाटतो तिथे अंगावर काटा येतो."

आणि तुम्ही समाजवादी, सेवा दलातले असलात तरी दाढी करताना 'ने मजसी ने' कोण म्हणायचं? १९७७ मध्ये हिंदुत्ववादी पु. भा. भावे पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा तुमचा केवढा संताप झाला होता! पण त्यांच्या कथांच्या पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर तुम्हीच घातलंय. दिवाळीत उघडलं मी. समासात पेन्सिलीने 'वा!' आणि खाली बारीक अक्षरात 'विचार मात्र भयंकर'. किती वेळ हसत होते. लहानपणी तुमच्या पोटावर डोकं टेकून गोष्ट ऐकताना तुम्ही हसलात की माझं डोकं गदगदायचं, तसंच वाटलं एकदम.

भाव्यांची मतं मला तर तुमच्याहून जास्त खटकतात. पण त्या वाक्यांची धार आपल्या बाजूच्या किती जणांकडे होती, सांगा बरं? गीतरामायणाचंच बघा. गदिमा काँग्रेसकडचे, पुढे विधान परिषदेत गेलेले. बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, संघाचे, १९५४ मध्ये दादरा-नगर हवेलीच्या लढ्यात उतरलेले. पुढच्याच वर्षी पुणे आकाशवाणीवर दोघांचं सुरू झालं आणि छप्पन्न गाण्यांपर्यंत गेलं. आजीच्या मांडीवर बसून ऐकताना कोण कुठल्या पक्षाचा, हे तुम्ही विचारलं होतंत का?

आई, तू त्याला चहा दे, पण रोज पोहे करत बसू नकोस. बाबांची खुर्ची खिडकीजवळ, पाठीला ती लांबट उशी. थेंब घातल्यावर डोळे मिटून बसायचं असतंच, तेव्हाच तो वाचेल. बाबा, एक दिवस दुर्गाबाई भागवत, एक दिवस भावे. दुर्गाबाईंच्या दिवशी त्याला १९७५ चं कऱ्हाडचं संमेलन सांगा: आणीबाणी चालू, स्वागताध्यक्ष केंद्रातले मंत्री यशवंतराव, आणि अध्यक्षबाई जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगतायत. संघाचेही लोक तेव्हा तुरुंगात होते, मन लावून ऐकेल. वाद घालायचा तर चहा झाल्यावर, आणि बीपीची गोळी घेऊन.

महिन्याभरात नाहीच जमलं तर दुसरं कोणी बघू, जबरदस्ती नाही. पण सोमवारी दाराला कडी घालायची नाही, आणि आईला "ते झोपलेत" असं सांगायला लावायचं नाही.

तुमची,
माऊ