चुकीच्या छपाईचे तिकीट हाती आले तर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘छपाईत चूक असलेले टपाल तिकीट म्हणजे लाखोंचे घबाड’ अशा थाटाचा मजकूर वरचेवर छापून येतो. तो वाचून लोक जुन्या पाकिटांवरची तिकिटे सोलू लागतात, नाहीतर ऑनलाइन ‘दुर्मीळ’ तिकिटे विकत घेऊन बसतात. दोन्हीत पदरी नुकसानच येते, म्हणून हे पत्र.

चूक आहे म्हणजे किंमत आहे, ही समजूत आधी सोडावी. १५ ऑगस्ट १९४९ रोजी निघालेल्या मालिकेतील एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती आरशात दिसावी तशी उलटी छापली गेली. उजव्याऐवजी डावा हात पुढे आला. १९५० मध्ये दुरुस्त तिकीट निघाले. चूक ढळढळीत, पण तिकिटे अमाप छापलेली. त्यामुळे दोन्ही आजही किरकोळ पैशात मिळतात. याउलट १८५४ चे कलकत्त्यात छापलेले चार आण्याचे तिकीट घ्या. लाल चौकट आणि व्हिक्टोरिया राणीचे निळे डोके यांसाठी ताव दोनदा छापावा लागे. तो एकदा उलटा लागला आणि डोके खाली, मान वर झाली. अशी मोजकीच तिकिटे आज ठाऊक आहेत, आणि त्यातली बहुतेक त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अष्टकोनी कापलेली. चूक छपाईतच झालेली, तिकीट रीतसर टपाल कचेरीतून विकले गेलेले आणि नग थोडे उरलेले, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच मोल येते. छापखान्याची रद्दी बाहेर आली तर तिला तो मान नाही.

सर्वाधिक फसवणूक होते ती विनाछिद्र, म्हणजे कडेची छिद्रे पाडायची राहून गेलेल्या तिकिटात. साध्या तिकिटाचे दाते कात्रीने छाटले की झाले ‘विनाछिद्र’! म्हणून सुटे तिकीट घेऊच नये. निदान जोडी हवी, आणि दोन तिकिटांमधली पट्टी कोरी हवी. ती जोडी प्रकाशात तिरपी धरून भिंगाने पाहावी. छिद्र पाडणाऱ्या सुया बोथट झाल्या की कागद फुटत नाही, पण बारीक गोल खळगे उमटतात. एक जरी खळगा दिसला तरी ते तिकीट विनाछिद्र नव्हे. एक कडा सपाट असलेले तिकीट बहुधा तिकीट-पुस्तिकेतले असते, त्यात नवल काही नाही.

दुसरा प्रकार गायब रंगाचा. उन्हाने किंवा रसायनाने पिवळा उडाला की हिरवे झाड निळे दिसते. दहापट भिंगाखाली त्या रंगाचा एक ठिपका जरी सापडला, तरी रंग ‘गायब’ नाही, फिका झालेला आहे. बहुरंगी तावाच्या किनारीवर प्रत्येक रंगाचा ठिपका छापलेला असतो. तोही नसेल तर पुरावा भक्कम होतो, म्हणून किनार कापू नये.

कागदाला घडी पडून छपाई तिरकी होणे, शाईचा फराटा उमटणे हे एकेकटे अपघात. दिसायला गमतीदार असतात, पण त्यांना चुकीच्या तिकिटाइतका भाव नसतो. छपाईच्या प्लेटवरचा, म्हणजे ठशावरचा दोष मात्र प्रत्येक तावात त्याच जागी येतो. तो सिद्ध करायला दुसऱ्या तावातले त्याच जागेचे तिकीट शोधावे लागते. हे काम चिकाटीचे आहे, पण या छंदातला खरा आनंद त्यातच आहे.

पोस्टात घेतलेल्या तावात चूक दिसली तर ताव फाडू नये. हात लावू नये, चिमटा वापरावा. पाण्यात भिजवू नये, मागे चिकटपट्टी लावू नये. वॉटरमार्क, म्हणजे कागदातली छुपी खूण, पाहायला बेंझिन हे द्रावण वापरतात, पण नाशिकच्या छापखान्याची १९५२ नंतरची कितीतरी तिकिटे फोटोग्राव्हर या छपाईपद्धतीची आहेत आणि त्यांची शाई बेंझिनने उतरू शकते. पीव्हीसी प्लास्टिकचे अल्बम टाळावेत, ते शाई ओढून घेतात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात गोंद ओलसर होऊन तिकिटे पानाला चिकटतात. अल्बम उभे ठेवावेत, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि त्या अधूनमधून वाळवून घ्याव्यात. महागडी खरेदी करायची तर लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीसारख्या मान्यवर संस्थेचे तपासणीपत्र मागावे, आणि त्यावरचा फोटो हातातल्या तिकिटाशी दात्यागणिक जुळवून पाहावा. तपासणीपत्र एका तिकिटाचे आणि सोबत दुसरेच तिकीट, असेही होते.

आपल्या पत्राने यापुढे अशा तिकिटाची बातमी देताना किमतीच्या आकड्याशेजारी ‘तपासणी कोणी केली’ हेही छापावे, ही विनंती.

– एक तिकीटसंग्राहक, नाशिक रोड