घासावी लागलेली कड

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, तुझे दोन फोन आले तेही मी उलट केले नाहीत, आणि आता रात्री साडेबाराला लिहायला बसलो आहे तो तुझ्यावाचून अडले म्हणून. रागाव, पण पत्र शेवटपर्यंत वाच. इकडे सर्व ठीक. आईच्या गुडघ्यांचे आहे तसेच आहे आणि माझे पित्तही.

गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासातल्या, म्हणजे कवटीच्या काढलेल्या हाडाच्या जागी बसवायच्या तबकडीच्या अभ्यासातल्या, नवव्या रुग्णाची शस्त्रक्रिया झाली. मुलगा तेवीस वर्षांचा, मोटारसायकलवरून पडलेला. मेंदूला सूज आल्यामुळे डाव्या कानशिलाचे हाड काढावे लागले. ते पोटाच्या त्वचेखाली जपून ठेवले होते, पण तिथे जंतुसंसर्ग झाल्याने टाकून द्यावे लागले. पाच महिने त्याची आई त्याच्या डाव्या अंगाला झोपत होती, झोपेत त्याने त्या कुशीवर वळू नये म्हणून. ओपीडीबाहेर तिने मला विचारले, "साहेब, हाड तुम्हीच बनवणार ना?" मी हो म्हणालो.

पद्धत आपण तुझ्या जुन्या वहीच्या पाठीमागे आखली होती तीच आहे. सीटी स्कॅनवरून संगणकात कवटी उभी करायची, चांगल्या बाजूची आरशातली प्रतिमा खड्ड्यावर बसवायची, त्यावरून साचा काढून थ्रीडी प्रिंटरवर छापायचा आणि शस्त्रक्रियेच्या वेळी त्यात बोन सिमेंट, म्हणजे कालवल्यावर घट्ट होणारा लगदा, दाबून तबकडी घडवायची. ऑटोक्लेव्हच्या वाफेच्या उष्णतेत आमचा साचा मऊ पडून वाकतो, म्हणून तो इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक करतो. सिमेंट जमताना चांगलेच तापते, आणि ते मेंदूवर न जमता बाजूच्या टेबलावर जमते, हा साच्याचा मोठाच फायदा.

यावेळी मी प्रथमच ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, आत उभा राहिलो. सिमेंटचा तो उग्र वास मास्कमधूनही डोक्यात जात होता. तबकडी निवली, सर्जननी ती खड्ड्यावर ठेवली; पुढची आणि वरची कड चपखल बसली, पण कानाच्या वरची कड दोनेक मिलिमीटर हाडावर चढून राहिली. त्यांनी ती दोनदा फिरवून, दाबून पाहिली आणि काही न बोलता बर, म्हणजे घासायचे फिरते यंत्र, मागितला. पुढची पंचवीस मिनिटे मी मोजली आहेत. सिस्टर पाण्याची धार धरत होत्या, पांढरी भुकटी हिरव्या कापडावर लगद्यासारखी साचत होती. घासायचे, धुवायचे, लावून बघायचे, पुन्हा काढायचे. भूल देणारे डॉक्टर एकदा माझ्याकडे आणि एकदा घड्याळाकडे पाहत होते. शेवटी ती बसली, टायटॅनियमच्या पट्ट्या आणि स्क्रू लागले. मुलगा उत्तम आहे, आठव्या दिवशी घरी गेला.

चूक कुठे झाली ते मला त्याच रात्री सापडले. आपण मिलिमीटरभर किंवा त्याहून पातळ कापांचा स्कॅन मागतो. त्याने गावाकडून आणलेली सीडी पाच मिलिमीटरच्या कापांची होती. पुन्हा स्कॅन म्हणजे पुन्हा एसटीचा प्रवास, आईचा आणखी एक बुडालेला रोज आणि पुन्हा पैसे, म्हणून मी "चालेल" म्हणालो. कानाच्या वरचे हाड आधीच पातळ. जाड कापात हाड आणि शेजारचा स्नायू एकाच चौकटीत येतात, आणि त्या चौकटीला दोघांच्या मधला कुठला तरी आकडा मिळतो. पाणी शून्य आणि हवा उणे १००० अशा त्या सीटीच्या हाउन्सफिल्ड मोजपट्टीवर मी जिथे रेघ मारली होती, तिच्याखाली ते हाड गेले आणि संगणकातून पुसले गेले. खड्डा होता त्यापेक्षा मोठा दिसला, म्हणून तबकडी मोठी झाली.

विनू, ही एक चूक मी पचवली असती. पण दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी रेसिडेंटला सहज विचारले, आधीच्या आठांच्या वेळी असे काही झाले होते का, आणि तो तितक्याच सहजपणे म्हणाला, "थोडं तर घासावंच लागतं सर." आठही वेळा मी साचा पाठवून प्रयोगशाळेत बसून होतो. ओटी नोट्समध्ये आठही ठिकाणी "तबकडी समाधानकारक बसली" असे लिहिलेले आहे. किती घासली, कोणत्या बाजूने घासली, किती वेळ गेला, याची कुठेच नोंद नाही.

आणि आमच्या शोधनिबंधातला मुख्य तक्ता सांगतो की सरासरी विचलन अर्ध्या मिलिमीटरहून कमी आहे. आकडा खोटा नाही. पण ते विचलन आम्ही मोजतो ते संगणकातला आकार आणि साच्यातून निघालेली तबकडी यांच्यामधले, म्हणजे आमचाच आकार आमच्याच आकाराशी ताडून पाहतो. हाड ओळखतानाच चूक झाली असेल तर ती दोन्हीकडे सारखीच उतरते आणि वजाबाकीत नाहीशी होते. त्या मुलाचाही आकडा उत्तमच आला आहे. सरांचे म्हणणे असे की टेबलावर काय घासले हा सर्जनच्या कौशल्याचा भाग आहे, तो रचनेच्या निबंधात येत नाही. रुग्णालयाकडचे सहलेखक म्हणतात की रुग्ण बरा झाला, कवटीचा आकार सुंदर दिसतो, आणखी काय हवे? अभियांत्रिकीच्या नियतकालिकाचा परीक्षक ओटी नोट मागणार नाही आणि वैद्यकीय नियतकालिकाचा परीक्षक स्कॅनच्या कापांची जाडी विचारेलच असे नाही. त्या दोघांच्या मधल्या फटीत ती पंचवीस मिनिटे पडून आहेत.

तुला सदाशिव पेठेतल्या खोलीतले भांडण आठवते का? जयपूर फूट हा कृत्रिम पाय कोणाचा, यावरून आपण मध्यरात्रीपर्यंत वाद घातला होता. तू म्हणायचास डॉ. सेठींचा, १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. मी म्हणायचो मास्टरजी रामचंद्र शर्मांचा, कारण रबराचा पाय घडवणारा हात त्यांचा. मी हाउन्सफिल्ड काढला, की सीटी स्कॅनसाठी १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल ज्या दोघांना मिळाले त्यांतला एकही डॉक्टर नव्हता, तेव्हा तू चहा टाकायला उठलास. हरायला लागलास की तू नेहमी चहाच टाकायचास. पण तो चहा पिताना तू एक बोललास, की सेठी आणि मास्टरजी रुग्णाला चालताना एकत्र बघत होते, म्हणून पाय मांडी घालून बसण्याजोगा झाला. दोन वर्षांपूर्वी तू हेच वेगळ्या शब्दांत म्हणालास, "कपडे बदल आणि आत उभा राहा," आणि मी तुला मला शिकवू नकोस म्हणून फोन ठेवला. तू बरोबर होतास. हे मला तुला लिहूनच सांगायचे होते.

मी असे ठरवत आहे: नवव्या रुग्णाची हकिकत जशीच्या तशी लिहायची, स्कॅनच्या कापांसह, नऊही जणांच्या शस्त्रक्रियेनंतरच्या सीटीवरून तबकडीची कड मूळ आराखड्याशी ताडून किती घासले गेले ते काढायचे, आणि यापुढे बर किती मिनिटे चालला याचा रकाना प्रत्येक रुग्णाच्या नोंदीत ठेवायचा. पण शस्त्रक्रियेनंतरचा स्कॅन सहा जणांचाच आहे. उरलेल्या तिघांना केवळ माझ्या तक्त्यासाठी क्ष-किरणांखाली घालणे मला पटत नाही. तुला काय वाटते? आणि युनिटच्या प्रमुखांना हे कसे विचारू, की आपली नोट अपुरी आहे असे त्यांना वाटणार नाही? तुम्ही डॉक्टर लोक आपसात हे कसे बोलता, ते मला येत नाही.

तुझ्या मुलीच्या बारशाला आलो नाही. वहिनींना माझ्या वतीने माफी माग, बाळाचा फोटो पाठव. तालुक्याच्या दवाखान्यात भूलतज्ज्ञ मिळाला की अजून तुलाच शेजारच्या गावाहून आणावा लागतो? बियाणीची बदली झाली असे ऐकले.

सोमवारी सरांपुढे मसुदा ठेवायचा आहे. रविवारी रात्री नऊनंतर कधीही फोन कर, मी जागाच असेन.

तुझा,
अण्णा