काकींस, मटकीच्या मोडांबद्दल

काकी, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले तर 'वेड लागलंय काय गो' म्हणून उडवून लावाल, म्हणून लिहिते.

गेल्या आषाढात मला डोहाळे लागले ते मोडाच्या मटकीच्या उसळीचे. मी सोलापूरकडची, तुमची भाडेकरू. आमच्याकडे मटकी भिजवायची, फडक्यात घट्ट बांधायची आणि विसरून जायचं, मोड येणारच. गुहागरच्या पावसात तीच पुरचुंडी सोडली की चिकट तार आणि आंबूस वास. त्यात बाजारातल्या एका दुकानदाराने जुना माल गळ्यात मारलेला, निम्मे दाणे गणंग. तक्रार केली तर म्हणाला, 'पाणी बदलून बघा.' नात्यातल्या एकींनी फोनवरच निकाल दिला, 'कोकणात मोड येत नाहीत, आणि उसळीचे कसले मेले डोहाळे!' 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, ताजी मासळी दुर्मीळ, घरोघरी वाल, कुळीथ, चवळी मोड आणून शिजतेय, आणि म्हणे मोड येत नाहीत!

तुम्ही हसला नाहीत, काय चुकलं तेही विचारलं नाहीत. माझा हात धरलात, रोवळीवरचं फडकं सारलंत आणि हात सरळ मटकीत खुपसलात. आत चक्क गरम!

'गरम लागतंय ना? मग पाणी मागतायत ती.'

बास, एवढंच. कारण मी मागाहून वाचलं. मोड फुटताना दाणा श्वास घेतो, त्यातून उष्णता निघते. गच्च बांधलं की ती आत कोंडते, हवा मिळत नाही आणि नासवणाऱ्या जंतूंचं फावतं. देशावर वरचं फडकं आपसूक सुकतं; इथे दोरीवरची साडी चार दिवस ओली, तिथे फडक्याची काय कथा. म्हणून तुमची ती तिरकी ठेवलेली रोवळी, पातळ थर आणि येता-जाता धुऊन निथळणं. पण हे सगळं कोणीही सांगितलं असतं. हात कोणी धरला नसता.

आणि मी चार मोड कच्चेच तोंडात टाकायला गेले तेव्हा केवढ्यांदा ओरडलात! 'दिवस आहेत ना तुला? शिजवल्याशिवाय नाही.' 2011 साली जर्मनीत ई. कोलाय नावाच्या जंतूची मोठी साथ आली, 50 हून अधिक माणसं दगावली, आणि ठपका आला तो मेथीच्या मोडांवर. तुम्हाला जर्मनीशी काय देणंघेणं. तुम्हाला तुमच्या सासूबाईंनी सांगितलेलं.

त्या उसळीच्या पहिल्या घासाला मी रडले. ह्यांना वाटलं मिरची लागली, पाणी आणायला धावले. अजूनही आठवलं की घसा दाटतो. सल्ला देणाऱ्यांची वाण नसते हो काकी, पण समोरच्याला अडाणी न ठरवता शिकवणारं माणूस भेटायला नशीब लागतं. तुम्ही माझ्यात भाडेकरू पाहिली नाहीत, पोटुशी पोर पाहिलीत.

श्रावणी सोमवारी बिरडं करणार म्हणालात ना? वाल तुम्ही भिजत घाला, सोलायला मी येते. पोरीलाही आणेन. ती आता रांगते आणि दिसेल ते उलटं करते, तेव्हा रोवळी सांभाळायचं काम तुमचं.

तुमची,
वरच्या खोलीतली सोलापूरकरीण