चिनूची परीक्षा आणि तुझी धावपळ

चि. मीनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, आता परीक्षा वेगळ्या असतात, तुला नाही कळायचं," आणि फोन ठेवलास. त्याचा मला राग नाही. पण मागून चिनूचा आवाज आला, "अजून एक पेपर सोडवायचाय," तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. नऊ वर्षांची पोर गं ती!

तिच्या गुणांची मला काळजी नाही, ती हुशारच आहे. काळजी आहे झोपेची. दिवसभर शिकलेलं झोपेतच पक्कं होतं. झोप मोडून सोडवलेल्या पेपरातलं सकाळी किती उरणार?

अभ्यास घेऊ नकोस असं मी म्हणत नाही. तोच धडा पुन्हा पुन्हा वाचायला लावण्यापेक्षा पुस्तक मिटायला सांग आणि विचार, "काय आठवतंय?" आठवायला जो जोर लागतो, त्यानेच ते टिकतं आणि कुठे अडतंय तेही तिचं तिला कळतं. एका बैठकीत सगळं उरकू नकोस, दोन-तीन दिवसांनी तेच पुन्हा विचार. थोडा वेळ पुरतो. मग तिला झोपू दे.

परत तेच बोलले. सुरू झालं बघ माझं व्याख्यान, माफ कर.

तुझी चौथीतली परीक्षा आठवते. एक प्रश्न सोडलास आणि उत्तरपत्रिकेत उत्तरासाठी भरायची पुढची सगळी वर्तुळं एकेक ओळ वर सरकली. ते तुझं तुलाच शेवटी शेवटी लक्षात आलं. रडली नाहीस, बाईंना हाक मारली नाहीस. खोडरबराने एकेक वर्तुळ पुसलंस, कागद दोन ठिकाणी विरला, तरी सगळं पुन्हा भरलंस. घरी आल्यावर बोटं काळी होती तुझी. ते सांगताना बाबांचा ऊर अजून भरून येतो. चिनूला हे सांगितलंयस का? दर पाच प्रश्नांनी क्रमांक ताडून बघायची सवय लाव तिला. चुकलेल्या उत्तराचे गुण कापतात की नाही तेही आधी विचारून ठेव, म्हणजे अंदाजाने उत्तर द्यायचं की सोडायचं हे तिला आधीच ठाऊक असेल.

तिचं पोट दुखतं म्हणालीस. "घाबरू नकोस" म्हटल्याने भीती जात नाही. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं होतं की, परीक्षेची धास्ती घेणाऱ्या मुलांनी पेपरच्या अगदी आधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर लिहिली तर त्यांना गुण बरे पडतात. करून बघ. तिने लिहिलेलं वाचायला मात्र मागू नकोस.

निकालात ६२ पर्सेंटाइल दिसलं तर ते शंभरापैकी बासष्ट गुण नव्हेत. शंभरातल्या साधारण बासष्ट मुलांच्या ती पुढे आहे, एवढाच त्याचा अर्थ. आठवड्याने तशीच परीक्षा घेतली तर आकडा थोडा वरखाली होईल. तो वाचताना ती तुझा चेहरा बघत असेल, मीनू. तूही बघायचीस माझा.

परीक्षेच्या दिवशी मी फोन करणार नाही. तुला वाटेल तेव्हा तू कर.

तुझी,
आई

ता. क. घड्याळ लावून सराव घ्यायचाच असेल तर सकाळी घे. रात्री नको.