अहवाल न लिहिणारी ताई हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोव्हेंबर हा दत्तक जागृतीचा महिना. त्यानिमित्तानं येणाऱ्या बातम्या मी आवर्जून वाचते. किती पालक रांगेत आहेत, मूल घरी यायला किती वर्षं लागतात, हे छापून येतं आणि ते यायलाच हवं. पण मूल घरी आल्यावर पुढे काय, याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. म्हणून हे पत्र.

आमची मुलगी २०१९ मध्ये, सहा वर्षांची असताना, दुसऱ्या जिल्ह्यातल्या संस्थेतून दत्तक म्हणून घरी आली. पहिल्याच महिन्यात ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये सायकलवरून पडली. गुडघा चांगलाच सोलवटला होता. ती उठली, फ्रॉकच्या टोकानं रक्त टिपलं, सायकल भिंतीला लावली आणि वर येऊन हात धुऊन जेवायला बसली. मला कळलं ते फ्रॉक धुवायला घेतल्यावर. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘किती धीट आहे हो पोरगी!’ मलाही कौतुकच वाटलं. तो धीटपणा नव्हता, हे समजायला मला वर्ष लागलं. संस्थेत सांभाळणाऱ्या एका मावशीकडे बरीच मुलं, त्यात ड्यूटी संपली की मावशी बदलणार. रडलं तरी दर वेळी कोणी येतंच असं नाही, हे त्या मुलांना फार लवकर उमगतं. मग ती रडणंच सोडून देतात. जवळजवळ दीड वर्षानं, दारात बोट सापडलं तेव्हा, ती पहिल्यांदा ‘आई गं’ म्हणून मोठ्यानं रडली. बोटाला बर्फ लावता लावता माझेही डोळे वाहत होते.

नियमानुसार मूल घरी आल्यापासून दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाठपुरावा होतो आणि प्रगतीचा अहवाल जातो. आमच्याकडे येणाऱ्या समाजसेविका ताई मायाळू होत्या. तरी त्या येणार म्हटलं की आदल्या रात्रीपासून पोटात गोळा यायचा. ‘कसं चाललंय?’ ‘छान चाललंय.’ त्याच आठवड्यात मुलीनं आजीच्या हाताला कडकडून चावा घेतला होता आणि मी तिच्यावर हात उगारला होता. यातलं अक्षरही मी बोलले नाही. बोललो तर अहवालात येईल, मूल परत नेतील, एवढंच डोक्यात. मला भेटलेल्या किती तरी दत्तक पालकांनी हीच भीती सांगितली. आपली पारख करायला आलेल्या माणसाजवळ मन मोकळं होत नाही, मग तो कितीही भला असो.

२०२१ मध्ये पाठपुरावा संपला. वादळ आलं ते ती सहावीत गेल्यावर. शाळेनं ‘माझे कुटुंब’ प्रकल्पासाठी जन्मापासूनचे फोटो आणि वंशवृक्ष मागितला. तिचा सगळ्यात जुना फोटो पाचव्या वर्षीचा. त्या रात्री तिनं दप्तर भिंतीवर आपटलं आणि ‘तुम्ही माझे कोणी नाही’ म्हणून दार लावून घेतलं. पुढे कित्येक महिने खोटं बोलणं, पर्समधून पैसे काढणं, रात्र रात्र जागणं. नातेवाइकांचं एकच पालुपद: ‘रक्तच वेगळं, तुम्ही तरी काय करणार?’ (हे तिच्यासमोर बोलणाऱ्यांना मी आता घरी बोलावत नाही.) एका समुपदेशकानं लाड कमी करा म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं शिस्तीचा तक्ता दिला. तिसऱ्या बाईंनी आधी विचारलं, ‘सहा वर्षांची होईपर्यंत तिला किती जणांनी सांभाळलं?’ तिथून आम्हाला वाट सापडली. तासाला दीड हजार रुपये. आम्हाला झेपलं, प्रत्येक घराला झेपेल असं नाही.

२०२२ च्या दत्तक नियमावलीत, मूल आणि पालक यांचं जुळत नसेल तर संस्थेनं किंवा जिल्हा बालसंरक्षण कक्षानं समुपदेशनाची सोय करावी, असं म्हटलं आहे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून दत्तक आदेशही न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. म्हणून माझी मागणी पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. महिन्यातला एक शनिवार, एक खोली आणि या मुलांचं मन जाणणारी एक समुपदेशक द्या, जी कोणताही अहवाल लिहिणार नाही. फी नको, दोन वर्षांची अट नको. मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत दार उघडं असू द्या. पुण्यात हे काम जुनं आहे. ससून रुग्णालयाच्या आवारातलं ‘श्रीवत्स’, भारतीय समाज सेवा केंद्र या दत्तक संस्थांनी किती तरी घरांत मुलं पोहोचवली. त्यातली कितीएक आता कर्तीसवरती झाली आहेत. त्यांनाही तिथे बोलवा. माझ्या मुलीला जे माझ्या तोंडून ऐकवत नाही, ते त्यांच्याकडून ती ऐकेल.

आणि शाळांना एक विनंती. वंशवृक्षाऐवजी ‘तुमच्या घरातल्या कोणा एकाची गोष्ट लिहा’ असं सांगितलं तरी प्रकल्प होतो. यंदा तिच्या वर्गशिक्षिकेनं तेच केलं. मुलीनं आजीवर चार पानं लिहिली.

– एक आई, सिंहगड रस्ता, पुणे
(मुलीची ओळख उघड होऊ नये म्हणून कृपया नाव छापू नये.)