नातवाला आधी विश्रामबागवाडा दाखव

पुणे, रविवार

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. नातू शनिवारवाडा बघून बडोद्याला परत आला आणि म्हणाला, "आजोबा, आत काहीच नाहीये, नुसतं लॉन आहे!" हे वाचून आधी हसलो, मग वाईट वाटलं. पोराचं काय चुकलं? लक्ष्मीविलास पॅलेसच्या गावात वाढलेला तो. त्यात कोणीतरी त्याला 'काका मला वाचवा' एवढीच गोष्ट सांगितलेली दिसते. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा. वाडा त्याआधी चाळीसएक वर्षं नांदत होता, त्याबद्दल कोणी बोलेल तर शपथ.

खरं सांगू? आपणही लहानपणी तिथे पटांगणात विटीदांडू खेळायचो आणि जोत्यांवर बसून शेंगा खायचो. ते जोतं कशाचं, असं एकदाही कोणाला विचारलं नाही. परवा तुझं पत्र खिशात घालून मुद्दाम गेलो आणि तासभर नुसती जोती बघत फिरलो.

पायाभरणी १० जानेवारी १७३० ची, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ची. खर्च सोळा हजार एकशे दहा रुपये, हा आकडा तर शाळेत पाठच होता. पहिल्या बाजीरावांनी बांधला तो वाडा तसा आटोपशीरच होता. नानासाहेबांच्या काळात तो वाढत गेला. चौकाला चौक लागले, मजले चढले, गणपती रंगमहाल झाला. पुढे सवाई माधवरावांच्या काळातलं हजारी कारंजं, कमळाच्या आकाराचं, सोळा पाकळ्यांचं. नातवाने कोरडं खड्डेवजा काहीतरी पाहिलं असेल ना, ते तेच.

आता मुद्दा. तट, बुरूज, दिल्ली दरवाजा, त्यावरचे हत्तींची धडक थोपवायला ठोकलेले खिळे, हे सगळं वाड्याचं कवच. खालचा तट दगडी आणि वर वीट, हे त्याला दिसलं असेल. वाडा होता तो आतला, आणि तो सागवानाचा होता. सुरूच्या आकाराचे कोरीव खांब, महिरपी, लाकडी तक्तपोशी म्हणजे छत, हंड्या, झुंबरं. लाकूड म्हणजे देखणेपण आणि सरपणही. १७९१ पासून आगी लागतच होत्या. नोव्हेंबर १८१७ मध्ये इंग्रजांचं निशाण लागलं आणि २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेल्या आगीने कित्येक दिवस जळत सगळं आटोपलं. उरला दगड. इंग्रजांच्या काळात तिथे तुरुंगही झाला. आजची जोती दिसतात ती १९१९ नंतरच्या खोदकामामुळे.

आत काय होतं ते कळायला मला स्वतःला एका चित्राचाच आधार वाटतो. १७९० च्या पेशवे-इंग्रज तहाचा दरबार, पुढे इंग्रजांचा वकील मॅलेट, गादीवर कोवळे सवाई माधवराव. थॉमस डॅनियल या इंग्रज चित्रकाराने ते १८०५ मध्ये पुरं केलं, जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून. ते नेटवर काढून नातवाला मोठं करून दाखव. माणसं सोड म्हणावं, खांब बघ.

आणि वाडा एकटा नव्हता रे. त्याच्या आसऱ्याने गाव उभं होतं. नाना फडणवीसांचा नानावाडा शेजारीच, अजून आहे. पाणी थेट कात्रजच्या तलावातून दगडी नळाने शहरातल्या हौदांत यायचं. बुधवार वाडा दुसऱ्या बाजीरावांचा, तो १८७९ साली जळाला. तुला फरासखाना पोलीस चौकी आठवते? तुझी सायकल चोरीला गेली तेव्हा आपण तिथेच गेलो होतो. फरासखाना म्हणजे तंबू, गालिचे, बिछायतीचं कोठार. कोठार गेलं, पण तक्रार अजून त्याच नावाने लिहिली जाते! लालमहाल बघताना मात्र त्याला सांग, मूळ वास्तू कधीच गेली, समोरची आपल्या डोळ्यांदेखत १९८० च्या दशकात उभी राहिली.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत त्याला घेऊन ये. या खेपेला उलटा क्रम लावू. आधी विश्रामबागवाडा. तोही दुसऱ्या बाजीरावांचा, त्याच १८७९ सालच्या आगीत होरपळला, पण पुरता गेला नाही. १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा निघाली, तिचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं. तिथल्या खांबाला त्याला हात लावू दे, वर मान करून लाकडात कोरलेली केळफुलं मोजू दे. मग चालत शनिवारवाड्यात जाऊ आणि एका जोत्यावर त्याला उभं करून विचारू, इथे किती खांब असतील? खांबांच्या तळाचे दगड बऱ्याच ठिकाणी अजून जागेवर आहेत. मोजता येतात, मी मोजायला घेतले होते. मध्येच रखवालदाराने शिट्टी मारली.

नगारखान्याचा जिना उंच पायऱ्यांचा आहे, तेव्हा वहिनींच्या गुडघ्यांचं बघून ठरव. त्या खाली बसल्या तरी चालेल, शेंगा मी आणतो.

तुझा,
मधू